उजेडाची वजाबाकी

लग्नाच्या सीझनला माझ्याकडे हाताखाली येणारी पोरं ड्रोन उडवायला बघता बघता शिकतात. अडतात ती काचांच्या डबीपाशी. टपालाच्या तिकिटापेक्षा लहान काचा, कडेच्या रिंगेवर आकडे : ८, १६, ३२, ६४. एकीवर आकडा नाही, नुसतं ‘सीपीएल’. मग हमखास येणारा प्रश्न : “काका, एवढा महागाचा कॅमेरा घ्यायचा आणि त्याच्यापुढं काळी काच लावायची? उजेड कमी नाही का होणार?”

होणार. तेवढ्यासाठीच लावायची.

पोरांना हे पटत नाही आणि त्यात त्यांची चूकही नाही. फोटोग्राफीचा इतिहास वाचला तर सगळी धडपड जास्त उजेड मिळवण्याचीच दिसते. आभाळातून फोटो काढणाऱ्यांची तर फारच. त्यांनी पहिला फिल्टर लावला तेव्हा प्लेटवर पडणारा उजेड आधीच तोकडा होता आणि त्यातलाही निम्मा ती काच खायची. आज आम्ही ड्रोनवर काच लावतो ती उजेड उतू जातो म्हणून. दुखणं पार उलटं झालं आणि औषध मात्र काचच राहिली. हे कसं झालं ते पोरांना सांगत बसलो की बॅटऱ्या चार्ज होईपर्यंतचा वेळ बरा जातो.

सुरुवात फ्रान्सपासून करावी लागते. नादार नावाचा पॅरिसचा नामांकित फोटोग्राफर १८५८मध्ये बलून घेऊन वर गेला. तेव्हा ओल्या कोलोडियनच्या काचेच्या प्लेटा होत्या. प्लेट ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. म्हणजे बलूनच्या टोपलीतच अंधारी खोली. सुरुवातीला त्याच्या प्लेटा काळ्याठिक्कर निघायच्या, कारण बलूनमधून सुटणारा गॅस रसायनं नासवत होता. शेवटी गॅसचं तोंड बंद ठेवून त्याने पॅरिसजवळच्या एका खेड्याचा फोटो मिळवला. तो आज शिल्लक नाही. आभाळातून काढलेला आणि आजवर टिकलेला सगळ्यात जुना फोटो बोस्टन शहराचा आहे, जेम्स वॉलेस ब्लॅक याने १८६०च्या ऑक्टोबरात बलूनमधून घेतलेला.

या फोटोंत एक खोट आहे, ती जमिनीवरच्या फोटोंतही होती. एकोणिसाव्या शतकातले आपल्या किल्ल्यांचे, लेण्यांचे जुने फोटो काढून बघा. दगडाचा कण न् कण दिसतो, आभाळ मात्र कोऱ्या कागदासारखं. ढग त्या दिवशी असतीलही, प्लेटला दिसले नाहीत. त्या काळच्या प्लेटांना फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील उजेड कळायचा. लाल आणि पिवळ्याच्या बाबतीत त्या जवळपास आंधळ्या. निळं आभाळ प्लेटवर भसकन उमटायचं आणि पांढरं पडायचं. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने १८५६-५७च्या सुमारास त्यावर तोडगा काढला. समुद्राची एक निगेटिव्ह, आभाळाची दुसरी आणि दोन्ही जोडून एक प्रिंट.

जमिनीवर हे चालून जातं. उंचावरून खाली बघताना मात्र निळा उजेड मुळावरच उठतो. हवेतले कण निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त विखुरतात. लॉर्ड रॅली यांनी १८७१मध्ये त्याचं गणित मांडलं : तरंगलांबी निम्मी झाली की विखुरणं सोळा पटींनी वाढतं. कॅमेरा आणि जमीन यांच्यामध्ये जेवढी हवा जास्त, तेवढा हा निळसर पडदा दाट. आणि ज्याला निळ्याशिवाय काही दिसतच नाही अशा प्लेटला खालच्या गावाऐवजी पडदाच दिसणार.

यावर उपाय दोन टप्प्यांत आला. १८७३मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आलं की प्लेटच्या रसायनात ठरावीक रंग मिसळला तर तिला हिरवाही दिसू लागतो. पुढे १९०६मध्ये लंडनजवळ क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आणल्या. त्यामागचा शास्त्रज्ञ होता केनेथ मीझ, वय अवघं चोविशीचं. प्लेटला सगळे रंग दिसायला लागल्यावर मग नको तो रंग अडवण्यात अर्थ होता. म्हणून त्याच कंपनीने रंगवलेल्या जिलेटिनचे पातळ पापुद्रे विकायला काढले. तेच रॅटन फिल्टर. १९१२मध्ये कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांना मीझ हवा होता. त्यांनी आख्खी कंपनी विकत घेतली आणि त्याला अमेरिकेत रॉचेस्टरला नेलं. तिथे त्याने कोडॅकची संशोधनशाळा उभी केली.

दोन वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं आणि पिवळ्या फिल्टरला खरं काम मिळालं. विमानातला निरीक्षक सुरुवातीला कॅमेरा हातात धरून बाहेर वाकायचा आणि खालचे खंदक टिपायचा. पुढे पिवळी काच लावून निळा पडदा कापायला लागले तेव्हा सावल्या, पायवाटा, तोफांच्या जागा उठून दिसू लागल्या. पण त्याची किंमत होती. पिवळी काच लावली की एक्स्पोजर दुप्पट किंवा त्याहून जास्त द्यावं लागायचं. प्लेट मंद, विमान हलतंय, इंजिन थरथरतंय आणि त्यात उजेड निम्मा! शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की फोटो हलणार, कमी ठेवलं की काळा पडणार. तेव्हा फिल्टर परवडतो का, हा प्रश्न दर फोटोला नव्याने सोडवावा लागे.

जमिनीवर ट्रायपॉड लावून बसणाऱ्याला ही घाई नव्हती. १० एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेत योसेमिटीच्या कड्यावर अॅन्सेल अॅडम्स ‘हाफ डोम’ या प्रचंड सुळक्यासमोर उभा होता. आधी त्याने नेहमीचा पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. मग वाटलं की मनात दिसतंय ते यात येणार नाही. उरलेल्या शेवटच्या प्लेटला त्याने २९ नंबरचा गडद लाल रॅटन लावला. आभाळ जवळजवळ काळं झालं, सुळका अंगावर आला. कृष्णधवल फोटोग्राफीत फिल्टर म्हणजे काय, हे आजही त्या एका फोटोवरून शिकवतात.

डबीतल्या ‘सीपीएल’ची, म्हणजे आमच्या फिल्मलाइनच्या भाषेत ‘पोला’ची गोष्ट याहून मजेदार आहे. ती कुत्र्याच्या मुतापासून सुरू होते. इंग्लंडात ब्रिस्टलला विल्यम हेरापॅथ नावाचे डॉक्टर होते. १८५२मध्ये त्यांच्या एका विद्यार्थ्याने क्विनाइन पाजलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं आणि हिरवट चकचकीत सुया तयार झाल्या. हेरापॅथनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. एकमेकींवर आडव्या पडलेल्या सुया पलीकडचा उजेड पूर्ण अडवत होत्या आणि समांतर असलेल्या जाऊ देत होत्या. म्हणजे हे ध्रुवीकरण करणारे, एकाच पातळीत कंप पावणारा उजेड जाऊ देणारे स्फटिक होते. हेरापॅथना त्यांचे मोठे तुकडे हवे होते, पण स्फटिक इतके नाजूक की मोठे होण्याआधीच मोडायचे.

डेव्हिड ब्रूस्टर यांनी कॅलिडोस्कोपवरच्या आपल्या पुस्तकात या स्फटिकांचा उल्लेख केला. ते पुस्तक पुढे एडविन लँड या अमेरिकन तरुणाच्या हाती पडलं. त्याने प्रश्नच उलटा केला. मोठा स्फटिक हवाच कशाला? कोट्यवधी बारीक सुया प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात एका दिशेला रांगेत बसवल्या की झालं. १९२९मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे कोडॅकने हा पापुद्रा कॅमेऱ्याचे फिल्टर करायला घेतला. १९३८मध्ये लँडने क्विनाइनही सोडलं. प्लॅस्टिक ताणून त्यात आयोडीन भरायची रीत काढली. ड्रोनच्या पोलातला पापुद्रा त्याच घराण्यातला.

पोला काय करतो ते बघायचं तर वाईजवळ मेणवलीच्या घाटावर सकाळी उन्हं वर आल्यावर जावं. पोला न लावता कृष्णेचं पाणी म्हणजे पांढरा पत्रा. पोला लावून जरा फिरवला की पत्रा विरतो आणि तळाचे गोटे, शेवाळ, पाण्यात बुडालेली घाटाची खालची पायरी दिसायला लागते. ५३ अंशांच्या आसपास पाण्यावर तिरपी पडून परतलेली चकाकी जवळपास पूर्ण एका पातळीत कंप पावत असते, म्हणून पोला ती नेमकी कापतो. हा कोन ज्यातून निघतो तो नियम १८१५मध्ये त्याच ब्रूस्टरनी मांडला होता. ड्रोनवर मात्र एक गोची आहे. जमिनीवरचा कॅमेरामन पोला बोटाने फिरवत राहतो, आमचा एकदा वर गेला की गेला. कोन खालीच ठरवायचा. आभाळ गडद हवं तर सूर्य काटकोनात ठेवायचा आणि ड्रोन त्याच दिशेने चालवायचा. हौसेने गरकन वळवला की फ्रेमचं अर्धं आभाळ गडद, अर्धं फिकं. एडिटर मग फोन करतो.

आता काळ्या काचेकडे, म्हणजे एनडीकडे. न्यूट्रल डेन्सिटी : रंग न बदलता सगळा उजेड सारखा कमी करणारी. तिची माझी ओळख ड्रोनच्या पुष्कळ आधीची. मुंबईत कॅमेरा असिस्टंट होतो तेव्हा फिल्टरची पेटी सांभाळणं हे माझं काम. फिल्म बहुतेकदा टंगस्टन बॅलन्सची, म्हणजे स्टुडिओतल्या पिवळ्या दिव्यांसाठी बनवलेली. बाहेर उन्हात आलं की सगळं निळं पडणार, म्हणून नारिंगी ‘एटी फाइव्ह’ लावायचा. ऊन कडक असेल तर ‘एटी फाइव्ह एन सिक्स’, नारिंगी आणि एनडी एकाच काचेत. काही कॅमेऱ्यांत काच नसे, जिलेटिनचा चौकोन लेन्सच्या मागे बारीक खाचेत सरकवायचा. पावसाळ्यात मुंबईच्या दमटपणाने जिलेटिन फुगायचं, कडा वळायच्या, कधी बुरशीचा ठिपका. बोट लागलं की ठसा कायमचा. आमचे दादा, म्हणजे कॅमेरामन, उन्हाकडे तो पापुद्रा धरून बघायचे आणि मान हलली तरच मी तो आत सरकवायचा.

त्या वेळी आकडेही वेगळे होते. फिल्मवाल्यांचा ‘सिक्स’ म्हणजे घनता ०·६. दर ०·३ला उजेड निम्मा होतो, म्हणजे सिक्सने चौथाई उरतो. ड्रोनच्या काचेवर मात्र भागाकार लिहितात : एनडी ८ म्हणजे आठवा हिस्सा, एनडी ६४ म्हणजे चौसष्टावा. जुन्या लाइनचा माणूस आणि नवा पोरगा एकत्र कामाला असले की या दोन भाषांत गोंधळ ठरलेला.

पण उन्हात उजेड कमी करायचाच कशाला? शटर जोरात चालवलं तर भागत नाही का? इथे सिनेमाच्या कॅमेऱ्यातली अर्धी चकती आडवी येते. फिल्मच्या कॅमेऱ्यात गेटसमोर एक चकती फिरते. तिचा अर्धा भाग उघडा, अर्धा बंद. उघडा असतो तेव्हा फ्रेमवर उजेड पडतो, बंद असतो तेव्हा फिल्म पुढे सरकते. सेकंदाला २४ फ्रेम, त्यातला अर्धा वेळ उजेडाचा, म्हणजे एक्स्पोजर १/४८ सेकंद. चकतीची ही १८० अंशांची सोय मुळात यंत्राच्या गरजेतून आली. पण त्या अवधीत धावणारा घोडा, फिरणारं चाक, उडणारा पदर थोडा पुसट उमटतो आणि पडद्यावर ती हालचाल सलग वाटते. पिढ्यान्‌पिढ्या तेच बघून आपल्या डोळ्यांना सिनेमा म्हणजे तो पुसटपणा असं वळण लागलं. आपल्याकडे व्हिडिओ २५ फ्रेमचा, म्हणून शटर १/५०.

२०१३च्या सुमारास लहान ड्रोन आले तेव्हा ही चकती त्यांत नव्हती. पहिल्या फँटम ड्रोनखाली लोक अॅक्शन कॅमेरा लटकवायचे. सेन्सर नखाएवढा, शटर इलेक्ट्रॉनिक आणि लेन्सचं छिद्र कायमचं उघडं, बहुतेक एफ २·८ (हा आकडा जेवढा मोठा, तेवढं छिद्र लहान). छिद्र लहान करता येत नाही, शटर १/५०च्या खाली-वर करायचं नाही, मग भरदुपारी उरतं काय? जुन्या फोटोग्राफरांचा ठोकताळा सांगतो की लख्ख उन्हात आयएसओ १००ला एफ १६ आणि शटर १/१००. एफ १६वरून २·८वर आलो की पाच स्टॉप, म्हणजे पाच वेळा दुप्पट होत, उजेड वाढला, तेव्हा शटर १/३२००. आपल्याला हवंय १/५०. बरोबर चौसष्ट पट फरक. डबीतली ६४ नंबरची काच या हिशेबातून आली आहे. नवे छोटे ड्रोन तर एफ १·७चे आहेत, त्यांना तीही दुपारी कमी पडते. २०१६च्या फँटम ४ प्रोमध्ये आणि २०१८च्या माविक २ प्रोमध्ये छिद्र एफ ११पर्यंत लहान करता येऊ लागलं, तरी साताऱ्याच्या मार्चातल्या उन्हाला तेवढंच पुरत नाही.

हा हिशेब डोळ्यांनी बघायचा तर चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली. काच न लावता १/३२००ला शूट करा : प्रत्येक फ्रेममध्ये पातं कोरीव, धारदार आणि व्हिडिओ चालवला की ते टकटक उड्या मारत फिरतं, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यासारखं. एनडी लावून १/५०वर या, पातं टोकाकडे विरत जातं आणि चाक फिरायला लागतं. मोटरच्या कंपनाने चित्र जेलीसारखं थुलथुलतं, तेही बरंच झाकलं जातं. अर्थात पठारावरच्या वाऱ्यात ती काच बदलणं हा वेगळा खेळ. ड्रोन पोटाशी घ्यायचा, कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलला बोटाने टेकू द्यायचा आणि रिंग चिमटीत धरून फिरवायची. जोर जास्त झाला तर गिंबलची मोटर दुखावते, कमी झाला तर काच दरीत. काच काही ग्रॅमने जड असली तरी गिंबल कुरकुरतो आणि स्क्रीनवर ओव्हरलोडचा इशारा येतो.

स्वस्तातली काच घेणाऱ्यांना आणखी एक गंमत भोगावी लागते. ती दिसणारा उजेड अडवते, पण न दिसणारा अवरक्त सोडून देते. सेन्सरचं सिलिकॉन अवरक्ताला चांगलंच दाद देतं. मग नवरदेवाची काळी शेरवानी व्हिडिओत चॉकलेटी होते.

हाच अवरक्त उजेड एरवी किती कामाचा, ते आपल्याकडेच दिसलं आहे. १९७०च्या सुमारास पिशारोटी या शास्त्रज्ञांनी केरळात कायमकुळमच्या भागात हेलिकॉप्टरमधून हॅसलब्लाड कॅमेऱ्यांनी नारळाच्या बागांचे फोटो घेतले. फिल्म अवरक्त रंगीत होती. निरोगी झावळ्या अवरक्त उजेड भरपूर परतवतात आणि या फिल्मवर लाल दिसतात, रोग लागलेल्या माडांचा तो लाल उतरतो. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानतात. आणि तिथेही पिवळा फिल्टर होताच. या फिल्मच्या तिन्ही थरांना निळा उजेड लागू पडतो, तो पिवळ्या काचेने अडवल्याशिवाय तिचे रंग वाचताच येत नाहीत. आज शेतीच्या ड्रोनवर शेजारी शेजारी बारीक लेन्सा असतात आणि प्रत्येकीमागे एका अरुंद पट्ट्यापुरता फिल्टर. काम पिशारोटींचंच, फक्त हेलिकॉप्टर नाही.

खरं तर साध्या ड्रोनच्या सेन्सरवरही फिल्टरच फिल्टर आहेत. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६मध्ये मिळालेल्या पेटंटप्रमाणे सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. मीझने उभ्या केलेल्या कोडॅकच्या संशोधनाच्या परंपरेतच जिलेटिनच्या पापुद्र्याचं हे सूक्ष्म रूप जन्मलं.

आणि कधी काच काढूनच ठेवायची असते. गावठाणाच्या मोजणीची कामं निघाली तेव्हा हे पक्कं कळलं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, पुढे २०२०मध्ये देशभर स्वामित्व योजना आली. ते सरकारी काम भारतीय सर्वेक्षण विभागाचं, आमच्यासारख्यांकडे खासगी प्लॉट आणि उसाचे फड. ड्रोन सेकंदाला दहा मीटर वेगाने जात असेल तर १/५० सेकंदात तो २० सेंटिमीटर सरकतो. सिनेमात तो पुसटपणा सुंदर, नकाशात मात्र शेजाऱ्याच्या कुंपणात घुसलेली हद्द. १/१०००ला तोच ड्रोन एक सेंटिमीटर सरकतो. तेव्हा एनडी उतरवायची आणि नादारला जे हवं होतं तेच मागायचं : उजेड, जेवढा मिळेल तेवढा.

पुढे काय, हेही पोरं विचारतात. मोठ्या कॅमेऱ्यांत एनडी आतच आली आहे. विजेच्या इशाऱ्याने गडद-फिकी होणारी काच व्हिडिओ कॅमेऱ्यांत कधीचीच आहे, २०२१च्या रोनिन फोरडी कॅमेऱ्यामध्ये नऊ स्टॉपपर्यंतच्या एनडी बटणावर फिरतात. पुसटपणा आता सॉफ्टवेअरही बनवतं, दोन फ्रेमच्या मधलं अंदाजाने भरून. उद्या लहान ड्रोनमध्येही हे येईल आणि आमच्या डबीतल्या आकड्यांच्या काचा अडगळीत जातील. पोलाचं तसं होणार नाही. मेणवलीच्या पाण्यावरची चकाकी एकदा सेन्सरवर पडली की तिच्याखालचे गोटे फाइलमध्ये नसतातच. सॉफ्टवेअर तिथे गोटे काढून देईल, पण ते त्याच्या मनचे. म्हणून पैसे मोजकेच आहेत, आधी काय घेऊ, असं विचारणाऱ्याला मी सांगतो : आजच्या कामासाठी एक एनडी घे, पण स्वस्तातली नको, आणि पोला घे तो पुढचे दोन ड्रोन बदललेस तरी त्याची गरज तशीच राहणार आहे हे धरून.